डावीकडून चावणारे नाना

दिवाळीच्या फराळाला नाना आले की चकली आधी चहात बुडते. चिवड्यातले दाणे वेचून बशीच्या कडेला लागतात. मग मान डाव्या खांद्याकडे कलती करून, डोळे अर्धे मिटून नाना चावायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं, कुठून तरी यमन ऐकू येतोय.

"काय हो नाना, दाढ?"

"छे छे! उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल करून घेतलंय. कॅपच तेवढी राहिलीय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या कन्येचे दुधाचे दात पडत होते. आता तिच्या अक्कलदाढा येऊ घातल्या आहेत. नानांची कॅप मात्र अजून यायचीच आहे.

खरी गोष्ट अशी की, कॅपच काय, दाढेतलं जवळजवळ सगळंच राहिलंय. एका रात्री लवंगेचा बोळा, तुरटीच्या गुळण्या आणि काकूंचे टोमणे असं सगळं करूनही दाढेने नानांना पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालायला लावल्या. सकाळी कोपऱ्यावरच्या डेंटिस्ट बाईंनी दाढ कोरली, सडलेली नस काढली, बारीक सुयांनी मुळातल्या नळ्या साफ केल्या, आत औषध ठेवलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या." दुखणं थांबलं. नानांच्या शास्त्राप्रमाणे दुखणं थांबलं की आजार संपतो. "नसच काढली म्हटल्यावर आता दुखणार कोण?" असं ते विचारतात. प्रश्न बिनतोड आहे, आणि घोळ तिथेच आहे. आत कुजतंय हे कळवायला दाढेकडे आता कोणी उरलेलं नाही.

ते सिमेंट काही आठवड्यांच्या बोलीवर आलेलं असतं. ते झिजतं, कडेने लाळ झिरपते, लाळेबरोबर जंतू रिकाम्या नळ्यांत उतरतात आणि मुळाच्या टोकाशी जबड्याचं हाड पोखरू लागतात. एक्स-रेत तिथे काळा डाग दिसतो. हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंड खारट होतं. नाना म्हणतात, "निसर्ग बघा कसा निचरा करतो! फी नाही, अपॉइंटमेंट नाही."

त्या नळ्या गच्च भरायला गटापर्चा वापरतात. मलायातल्या एका झाडाचा हा चीक. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकली, तिलाही याचंच वेष्टन होतं. महासागर थोपवायला निवडलेला पदार्थ नानांची लाळ सहज थोपवील, फक्त नाना खुर्चीत येऊन बसायला हवेत. (ती केबल भलतंच व्होल्टेज दिल्यामुळे तीनेक आठवड्यांत बंद पडली. हे नानांच्या कानावर घालू नका, उगाच आधार मिळेल.)

दाढेचं सोडा, पाच दिवसांची अँटिबायोटिकही नाना दोन दिवसांत आटोपतात. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात साठतात आणि जिन्यात भेटेल त्याला वाटल्या जातात. ते सोसायटीचे सेक्रेटरी असताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. काम अर्ध्यावर असताना ऑक्टोबर उजाडला, गळती थांबली आणि नानांनी कंत्राटदाराला घरी पाठवलं. पाऊस थांबल्याने गळती थांबली, असं म्हणणाऱ्या वरच्या मजल्यावरच्यांना उत्तर मिळालं, "अहो, झालंच आहे. कॅपच तेवढी राहिलीय."

गेल्या गणपतीत मात्र नानांचा उजवा गाल मोदकासारखा फुगला. डेंटिस्ट बाई प्रथमच आवाज चढवून बोलल्या. खालच्या दाढेतला पू जबड्याखाली उतरला तर जीभ वर ढकलली जाते, श्वास कोंडतो, माणूस दगावू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली याचं वर्णन करून ठेवलंय. यातलं नानांनी 'जर्मन' एवढंच उचललं. आपल्याला जर्मन आजार होता होता राहिला, हे ते विसर्जनापर्यंत आरतीला आलेल्या प्रत्येकाला सांगत होते.

ती दाढ तोपर्यंत उभी चिरली होती. काढावी लागली.

हा माणूस आम्ही का खपवून घेतो, ते आता सांगायलाच हवं. बाबांच्या छातीत रात्री दोनला कळ आली, तेव्हा दारात पहिले आले ते नाना, बनियनवर. लिफ्ट बंद होती. दुरुस्ती नानांच्याच अखत्यारीत, म्हणजे तिथेही कॅपच राहिलेली. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, खुर्चीचे पुढचे पाय स्वतः धरले आणि चार मजले उलट्या पावलांनी उतरले. सकाळपर्यंत आयसीयूच्या बाहेर बसून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन तेच पळत होते. बाबा बरे होऊन घरी आले. अख्खी बिल्डिंग भेटून गेली, नाना फिरकले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आता दुखत नाही ना त्यांना? मग मी येऊन काय करू?"

बाबा तेव्हापासून चिडून आहेत. "न्यायला आला, बघायला नाही," असं अधूनमधून पुटपुटतात.

दाढेच्या जागी आता हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवलाय. हाडाने तो पक्का धरायला काही महिने लागतात, त्यानंतर वर दात. म्हणजे नानांचं ते वाक्य इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच खरं ठरलंय आणि ते मोठ्या तोऱ्यात म्हटलं जातं. तारीख पुढच्या महिन्यातली आहे. बाबांनी ती आमच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवली आहे.

"अहो, पण आता कुठे दुखतंय?" नाना परवा म्हणालेच.

"रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय," बाबा म्हणाले, "मी बरोबर येतोय. भाडं तुम्ही द्यायचं."