एक टनाचं विस्मरण

माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो, क्वचित लग्नाचा वाढदिवसही विसरतो. त्यात नवल नाही. पण जवळजवळ एक टन वजनाची, चार चाकांची, भोंगा वाजवत भर रस्त्यातून जाणारी वस्तू अख्खा देश कशी काय विसरतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटलेलं नाही. गाडी ही काही गुपचूप आयुष्य काढणारी चीज नव्हे. तिचा जन्म आरटीओत नोंदला जातो, तिच्यावर कर भरला जातो, तिचा विमा उतरवतात, आणि ती दुसऱ्याच्या घरी जायची झाली तर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून रीतसर सह्या होतात. एवढी कागदपत्रं पुष्कळ माणसांच्याही वाट्याला येत नाहीत. तरीही एक दिवस असा उगवतो की ती रस्त्यावरून जाते आणि कुणालाच तिचं नाव सांगता येत नाही. चौकातला हवालदार क्षणभर तिच्याकडे बघतो, शिट्टी ओठांपर्यंत नेतो आणि पुन्हा खाली घेतो. जिचं नावच ठाऊक नाही, तिला अडवायचं तरी काय म्हणून?

अशा नाव हरवलेल्या गाड्या शोधायचा मला नाद आहे. नाद तसा निरुपद्रवी. त्याला पैसे लागत नाहीत, संध्याकाळ लागते. पुण्याच्या पेठांमधले वाडे पडले आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी एखाद्या पार्किंगच्या शेवटच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपाशेजारी, खाकी कव्हराखाली एक आकार निजलेला असतो. टायर जमिनीला टेकलेले, कव्हरावर पानांचा थर, मध्ये एक मांजर. कव्हराच्या उंचसखल रेषांवरून आत कोण असेल हे ताडण्यात एक संथ सुख आहे. मागच्या बाजूला काच जास्त उतरती दिसते, दिव्यांपाशी कापड टोकदार उचललं गेलंय, म्हणजे ही अमुक असणार. मात्र या सुखाला वॉचमनची दृष्ट लागते. ‘काय पाहिजे?’ असं तो विचारतो. मी म्हणतो, ‘काही नाही, गाडी बघतोय.’ ‘विकायची नाही ती.’ ‘मला घ्यायचीही नाही.’ ‘मग?’ या ‘मग?’ला मला आजवर समाधानकारक उत्तर सुचलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हा निबंध त्याच उत्तराच्या शोधात चालला आहे.

आमच्या गावात डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरॉल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून बनवायला घेतली; मूळची इंग्लंडातली. तिचं बॉनेट उघडण्याचा सोहळा बघायला आम्ही मुलं धावत जायचो. इतर गाड्यांची बॉनेटं पेटीच्या झाकणासारखी वर उचलतात. हेरॉल्डचं मात्र दिव्यांसकट, मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलंडायचं. एखाद्या कीर्तनकाराने पागोटं उतरवून पुढ्यात ठेवावं आणि आता मोकळेपणाने बोलू या म्हणावं, तसं. आतलं इंजिन सगळ्या बाजूंनी दिसे, त्याच्याभोवती उभं राहायला ऐसपैस जागा मिळे, आणि इंजिनातलं ओ की ठो न कळणारी आम्ही मुलंही हनुवटीला हात लावून गंभीर व्हायचो. गाडीला दारं दोन. डॉक्टरांच्या नऊवारीतल्या आई मागच्या सीटवर जायच्या तेव्हा पुढची सीट वाकवली जायची, एक पाय आत, मग डोकं, मग थोडा विचार, मग दुसरा पाय. उतरताना हाच क्रम उलटा, आणि विचार जरा जास्त. पुढे १९६० चं दशक सरता सरता मद्रासवाल्यांनी हेरॉल्डला चार दारं बसवली. इंग्लंडात तिला कधी चार दारं मिळाली नव्हती. आपल्याकडच्या मोटारींच्या इतिहासात करुणेने केलेलं एवढं मोठं काम दुसरं असेल असं मला वाटत नाही. तमाम आज्यांनी त्या अनोळखी इंजिनिअरांना दुवा दिला असेल.

हेरॉल्ड गेली, १९७२ मध्ये तिच्या जागी गॅझेल आली, तीही काही वर्षांत गेली. मग १९८५ साली याच कंपनीने मोठी उडी घेतली आणि स्टँडर्ड २००० आणली. देह रोव्हर एसडी१ या देखण्या इंग्रजी गाडीचा, जिने १९७७ साली युरोपात ‘कार ऑफ द इयर’चा मान मिळवला होता. पण आत बसवलेलं इंजिन मात्र व्हॅनगार्ड नावाच्या १९४० च्या दशकातल्या गाडीच्या घराण्यातलं. आपल्या खड्ड्यांचा मान राखून तिची उंचीही वाढवली होती, त्यामुळे धोतर वर खोचून ओढा ओलांडणाऱ्या बॅरिस्टरासारखी ती दिसे. तीन-चार वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. तिच्याच आगेमागे मुंबईच्या प्रीमियर कंपनीने ११८ एनई आणली. हिचा देह फियाट १२४ चा, जिला तोच युरोपीय मान १९६७ साली मिळाला होता आणि जी रशियात लाडा होऊन बर्फ तुडवत होती. इंजिन जपानचं, निस्सान. म्हणजे युरोपने आपापल्या वर्षाच्या सर्वोत्तम ठरवलेल्या दोन गाड्या आपल्याकडे साधारण एकदमच पोहोचल्या, एक आठ वर्षं उशिरा आणि एक अठरा. आपल्याला त्यात काही खटकलं नाही. स्कूटरच्या नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांना अठरा वर्षं म्हणजे काय! उलट लोक तिच्या डॅशबोर्डवरून असा हात फिरवत, जणू रंग अजून ओला असावा.

याच प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात नव्वदीच्या दशकात फ्रान्सची पूजो ३०९ बनू लागली. पॅरिसची मुलगी कल्याणला सून म्हणून आली, आणि थोड्याच वर्षांत संसार मोडला. गाडी चांगली होती हे तिचे जुने मालक अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज माहेरच्या माणसासारखा होतो. त्या दशकात गाड्यांची अशी झुंबड उडाली होती की कोण आलं, कोण गेलं याचा हिशोब ठेवायला वेळ नव्हता. पुण्यात टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा काढली आणि १९९२ मध्ये इस्टेट, दोन्ही एकाच सांगाड्यावर उभ्या. सिएराच्या मागच्या मोठ्या वळणदार काचा लोकांच्या मनात इतक्या बसल्या की २०२५ मध्ये ते नाव पुन्हा नव्या गाडीला देण्यात आलं. त्या काचा उघडत नसत. मागे बसणाऱ्याला जग भरपूर दिसे, वारा मात्र लागत नसे. इस्टेट बिचारी लांबलचक, शहाणी, सामान पोटात घेणारी. तिचं नाव कुणी परत आणलं नाही. भावंडांमध्ये असं होतं.

आणखी मागे, बंगळुरूत, बादल नावाची तीन चाकांची फायबरची गाडी निघाली होती. नाव ढगाचं आणि वजनही त्याच्याशी नातं सांगणारं. त्याच घराण्याने १९८२ मध्ये डॉल्फिन आणली, रिलायंट किटन या इंग्रजी गाडीचं भारतीय रूप. छोटी, हलकी, फायबरची, पेट्रोल जपून पिणारी, दोन दारांची. सगळं काही जमून येत होतं, आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्यानंतर डॉल्फिनबद्दल सांगण्यासारखं फार उरत नाही. इतिहासात काही लोकांचा दोष एवढाच असतो की ते शेजारच्या घरी बारसं असताना जन्माला आले.

पण या सगळ्या निदान विकल्या तरी गेल्या. कुणीतरी त्यांना हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पहिली चक्कर देवळापर्यंत मारली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींच्या मीराच्या नशिबी तेही नव्हतं. यंत्रमागांच्या या गावात त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक छोटी मोटार घडवली. पहिला नमुना १९४९ चा. त्यानंतर सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले. इंजिन मागे, आकार आटोपशीर, सामान्य माणसाला परवडेल असा बेत. गाडी चालत होती. चालत नव्हती ती फाइल. कुणी किती आणि काय बनवायचं हे दिल्ली ठरवत असे, आणि मोटार बनवण्याची मुभा असलेली घरं देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. मीरा कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. स्वस्त छोट्या गाडीचं स्वप्न देशाने त्यानंतर दोनदा मोठ्या गाजावाजाने पाहिलं, मारुतीच्या रूपाने आणि नॅनोच्या रूपाने. पण ते आधी यंत्रमागांच्या खडखडाटात एका माणसाला पडून गेलं होतं. मीराचा विचार करताना मला एक विचित्र प्रश्न पडतो. जी बाजारात आलीच नाही, तिला विसरलो असं तरी कसं म्हणायचं? विसरण्यासाठीही आधी ओळख व्हावी लागते.

असाच भरकटत एकदा नाना पेठेत गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं अशी दाटीने बसली आहेत की वाटावं, एखादी प्रचंड मोटार इथे कुणीतरी फार पूर्वी उघडली आणि पुन्हा जोडायची राहूनच गेली. एका दुकानात पांढऱ्या मिशांचे काका वर्तमानपत्र वाचत होते. मी सहज विचारलं, ‘काका, काँटेसाच्या इंजिनाचं सामान मिळतं का हो अजून?’ ते वर न बघता म्हणाले, ‘साधी की इसुझू?’ मी म्हटलं, ‘इसुझू.’ ‘मग काँटेसा कशाला म्हणता? अँबॅसिडर १८०० म्हणा. इंजिन तेच. मिळेल.’ मग त्यांनी चष्मा वर केला. ‘गाडी कुठंय?’ गाडी नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वॉचमनसारखंच बघितलं, पण ‘मग?’ असं काही विचारलं नाही. स्टुलाकडे बोट दाखवलं आणि चहा सांगितला.

त्या चहाच्या घोटांबरोबर मला काहीतरी उमगत गेलं. काँटेसा बंद झाली, अँबॅसिडर बंद झाली; पण तेच इसुझू इंजिन अलिबागजवळ कार्लेखिंडीला चिंकारा नावाच्या छोट्याशा कंपनीने आपल्या उघड्या, दोन माणसांच्या रोडस्टरमध्ये बसवलं. त्या आधी गोव्यातही सॅन स्टॉर्म नावाची अशीच दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनत होती, आत रेनोचं इंजिन. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्यात छप्पर उघडून हिंडायची हौस कुणालातरी दोनदा झाली, ही मला फार दिलासा देणारी बातमी वाटते. पण मुद्दा इंजिनाचा. गाडी गंजून मरते किंवा अपघातात मरते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती एखाद्या वॉशरपायी मरते, एका काचेपायी, मिळेनाशा झालेल्या रबराच्या नळीपायी. जोवर कुणीतरी म्हणतं, ‘हिला अमक्या गाडीचं ते बसतं, जरा घासावं लागेल,’ तोवर ती जिवंत असते. ज्या दिवशी हे वाक्य येणारा शेवटचा माणूस दुकान मुलाच्या हाती सोपवतो आणि मुलगा तिथे मोबाइलची कव्हरं विकू लागतो, त्या दिवशी ती गाडी खरी विसरली जाते, मग ती पार्किंगमध्ये उभी का असेना. गाड्यांची आठवण कौतुक करणाऱ्यांनी ठेवलेली नाही. ती दुरुस्त करणाऱ्यांच्या काळ्या नखांत राहिली.

आता सरकारनेही आठवणीची व्याख्या केली आहे. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर मिळतो. नियम चांगला आहे. त्यातली गंमत एवढीच की पन्नास वर्षं जगायला उसनवारी लागते, आणि मान मिळवायला मूळ रूप. त्या काकांसारख्या माणसांनी हे दोन्ही एकत्र कसं साधलं हे कुठल्याही फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

पहिली डॉल्फिन २०३२ मध्ये पन्नाशीची होईल, स्टँडर्ड २००० आणि ११८ एनई २०३५ मध्ये. तोपर्यंत त्या टिकाव्यात एवढंच माझं मागणं आहे, आणि वॉचमनच्या प्रश्नाला माझं उत्तरही तेच. तुमच्या इमारतीत कव्हराखाली अशी कुणी उभी असेल, तर सोसायटीच्या सभेत तिच्या जागेचा विषय निघण्याआधी तिच्या मालकाला एकदा तिचं नाव विचारा, आणि तिचं सामान कुठे मिळतं तेही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. पहिल्याचं त्याच्यावर अवलंबून आहे.