‘पुट ऑफ’चा शास्त्रशुद्ध वापर : होतकरूंसाठी मार्गदर्शन

इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याला ‘ऑफ’ जोडले की ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाही. क्रियापदाला अशी शेपटे लागली की परक्या माणसाची फार पंचाईत होते, असे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे. पुढे लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे या जमातीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले. पंचाईत होती तिथेच राहिली. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, एवढे सांगून कोश मोकळे होतात. कोणी, काय आणि कोणत्या शब्दात ढकलावे याबद्दल ते मूग गिळून बसतात, म्हणून हा प्रपंच.

प्रतिशब्द निवडताना आधी स्वतःचा हुद्दा पाहावा. शाळकरी मुलाने गृहपाठ पुढे ढकलला तर ती टाळाटाळ. शिंप्याने ब्लाऊज पुढे ढकलला तर ते आज-उद्या. लिपिकाने अर्ज ढकलला तर प्रकरण प्रलंबित, न्यायालयाने ढकलले तर सुनावणी तहकूब, आणि विधिमंडळाने ढकलले तर अधिवेशन संस्थगित. कृती एकच, पण शिंप्याने ‘ब्लाऊज संस्थगित केला आहे’ म्हटल्यास गिऱ्हाईक हात उगारेल.

इंग्रजीतही हीच वर्णव्यवस्था आहे. ‘पोस्टपोन’ हा सर्वांना परवडणारा शब्द. ‘डिफर’ला शिक्षण लागते. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ शक्यतो स्वतःविषयीच वापरावा. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘उद्या’ दडलेला असल्याने आळसाला एखाद्या दुखण्याची प्रतिष्ठा मिळते. ‘टेबल’ मात्र जपून. लंडनमध्ये विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला घेणे, वॉशिंग्टनमध्ये त्याचाच अर्थ तो बाजूला सारणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ भांडले, दोघांनाही हवे तेच होते, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. वेळ काढण्यासाठी वेळ काढण्याच्या अर्थावर वाद घालणे, ही या विद्येतली सिद्धावस्था.

आता मुख्य प्रात्यक्षिक, म्हणजे शासकीय फाइल. इथे एक अडचण आहे. ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ या नावाचा एक कायदा आहे. (लोक त्याला दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात, कारण पूर्ण नाव घेण्यातच दिरंगाई होते.) त्यानुसार कोणतीही फाइल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. नवखा माणूस हे वाचून घाबरतो आणि काम करून टाकतो. मुरलेला माणूस ‘एका कर्मचाऱ्याकडे’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारतो.

फाइल पडून राहू नये ना? मग ती फिरती ठेवावी. सहाव्या दिवशी टिपणीच्या समासात, तिरक्या अक्षरात, एकच शब्द लिहावा : ‘चर्चा’. खाली सही आणि तारीख. फाइल कक्ष अधिकाऱ्याकडे परत जाते, त्याचे सात दिवस सुरू होतात. चर्चा झाली की ‘चर्चेप्रमाणे’ असे लिहून ती वर येते. मग ‘वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’. वित्त विभाग ‘मागील संदर्भ जोडावेत’ म्हणतो. मागील संदर्भ १९९४ सालचा असून तो अभिलेख कक्षात असतो, आणि अभिलेख कक्षाची किल्ली ज्याच्याकडे असते तो निवडणुकीच्या ड्यूटीवर. एवढ्यात आचारसंहिता लागते. या सगळ्यात फाइल कुठेही सात दिवस थांबलेली नसते, आणि कोणी कोणाला ‘नाही’ म्हटलेले नसते. ‘नाही’ म्हटले की अपील होते. ‘विचाराधीन आहे’ यावर अपील कसे करणार?

न्यायालयीन शाखेत फार शिकवण्यासारखे नाही, तिथले विद्यार्थी आधीच पुढे आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेत सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत अशी तरतूद आहे. ती वाचून दाखवण्यासाठीही पुढची तारीख घेता येते.

ज्यांना सरकारी नोकरी नाही त्यांनी निराश होऊ नये. आपले पंचांग खास गृहस्थांसाठीच रचलेले दिसते. रंगकाम करायचे आहे? आषाढात नको, पाऊस. श्रावणात सणवार. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले. पितृपंधरवड्यात नवे काही करू नये. नवरात्रात वेळ नाही, दिवाळीत रंगारी नाही. मग लग्नसराई, मग मार्च एंड, मग मुलांच्या परीक्षा, मग ‘या उन्हात कोण घर उघडं टाकणार?’. अधिक महिना आलाच तर तो बोनस समजावा. बायकोने भिंतीच्या पोपड्यांकडे बोट दाखवले तर ‘बघू’ म्हणावे. ‘करतो’ म्हणू नये, त्यातून तारीख निघते.

शेवटी एक प्रगत धडा. ‘पुट ऑफ’ला दुसराही अर्थ आहे : एखाद्याचे मन उडणे, त्याला वीट येणे. वरवर हे दोन अर्थ वेगळे वाटतात, पण कसलेल्या कार्यालयात पहिला अर्थ नेटाने राबवला की दुसरा आपोआप साधतो. अर्जदार आधी आठवड्याला येतो, मग महिन्याला, मग फोन करतो, मग फोनही थांबतो. असे झाले की बारनिशीत पाहून खात्री करावी, फाइल मागवावी आणि त्याच दिवशी, कोणतीही दिरंगाई न करता लिहावे : ‘अर्जदाराने पाठपुरावा केल्याचे दिसून येत नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल.’