कन्हानमधले सज्जन गाडीखाली सापडले हो!

घाबरू नका, अपघात नाही. निदान अजून तरी नाही. ही मंडळी स्वखुशीने, दिवसाढवळ्या, अंगणात जुनी चादर अंथरून आपापल्या गाडीखाली शिरली आहेत. रविवारी सकाळी कन्हानच्या कुठल्याही वस्तीतून चक्कर मारा, फाटकातून नुसते पाय दिसतील. आणि पाय ओळखीचे निघतात, हीच तर पंचाईत. ते पायजम्यातले पाय बँकेतले. ते मोजे घातलेले पाय शाळेतले, गणिताचे. आणि ते फुटक्या टाचांचे पाय म्हणजे कोळसा खाणीतून निवृत्त झालेले फोरमन काकाजी, ज्यांच्यापुढे एके काळी अख्खी शिफ्ट चळचळा कापायची.

काय म्हणावं या थेराला! पूर्वी कन्हानचा माणूस बिघडायचा तो रीतीने बिघडायचा. पत्ते कुटायचा, चौकात उभा राहून खर्रा घोटून घ्यायचा, फार तर सावजीत जाऊन नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवायचा. चारचौघांत सांगता येईल असं व्यसन असायचं. आता वहिनींना विचारावं, "भाऊजी नाही दिसून राहिले?" तर त्या शांतपणे म्हणतात, "गाडीखाली आहेत ना. लोअर आर्मचे बुश टाकून राहिले." जणू काही माणूस देवपूजेला बसलाय!

बरं, गाडी तरी कोणती? नवी नाही. नव्या गाडीला हात लावला तर वॉरंटी जाते आणि हप्ता तसाच राहतो, म्हणून नव्या गाडीवाले लांबूनच बघतात. हा सगळा तमाशा म्हाताऱ्या गाड्यांचा. एमएच-40 पाटीची, रंग उडालेली मारुती 800, एखादी झेन, सँट्रो, इंडिका. मारुती 800 पहिल्यांदा विकली गेली 14 डिसेंबर 1983 ला आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. म्हणजे अगदी शेवटची निघालेलीही आता वयात आली आहे. सरकार म्हणतं, पंधरा वर्षं झाली, आता हिला निरोप द्या. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क सहाशेवरून एकदम पाच हजार झालं. त्यावर आमच्या लोकांनी काय करावं? शुल्क भरलं आणि वर म्हणाले, "पाच हजार भरले ना बाप्पा, मग आता पाच वर्षं तरी पिळून घेतो." पुढच्याच रविवारी गाडीखाली.

याला जबाबदार कोण, हा प्रश्न मी एका जाणत्या मिस्त्रीला विचारला. त्याने काही न बोलता पाना रस्त्याकडे रोखला. बघा, आम्ही नागपूर जिल्ह्याची माणसं. 1943 साली देशभरातल्या चीफ इंजिनिअरांनी नागपुरात बसून अख्ख्या हिंदुस्थानच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा आखला. इंजिनिअरिंगची पोरं आजही 'नागपूर प्लॅन' म्हणून तो घोकतात. देशाच्या रस्त्यांचे मंत्रीही नागपूरचेच, तेही 2014 पासून. जबलपूरकडे जाणारा मोठा रस्ता चांगला झाला, नाही कशाला म्हणा. पण त्या रस्त्याला लागेपर्यंतचं काय? एकीकडून कोळशाचे ट्रक, दुसरीकडून नदीच्या वाळूचे टिप्पर, आणि मधल्या खड्ड्यांतून वाट काढणारी आपली आठशे. त्यात गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद चढते आणि अलगद उतरते. आमच्याकडे उंची पाळतात, कधी दोन बोटं जास्तच देतात. रुंदीसाठी मात्र डांबर उरत नसावं. झाला तो गतिरोधक नव्हे, उंबरठा. त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ आपटून आपटून बिचाऱ्या रबराने किती सोसायचं?

त्या रबराची हकीकत ऐकाच. काकाजींनी काढलेला एक बुश मी हातात घेऊन पाहिला. (हो, मीही पाहिला. चर्चा करायची तर पुरावा नको?) बुश म्हणजे बाहेर लोखंडाची कडी, आत लोखंडाची नळी आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट बसवलेलं रबर. नवा असताना आतली नळी बरोबर मधोमध असते. याची नळी एका कडेला जाऊन टेकली होती आणि दुसऱ्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट. रबराला आरपार चिरा, चिरांमध्ये ग्रीस आणि कोळशाची भुकटी मिळून झालेला काळा लगदा. तो बोटांवर चोळला तर खरखरतो. बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटली की हाच लगदा आत शिरतो, पाणी शिरतं, ग्रीस निघून जातं आणि आतला गोळा आपलं घर झिजवत बसतो. मग खड्ड्यात चाक गेलं की 'खट'. मालकाला वाटतं डिकीतला जॅक हलला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा 'खट'. जॅक काढून घरी ठेवला तरी 'खट'. त्या क्षणी माणूस घरादाराला पारखा होतो.

आठशेची आणखी एक गंमत सांगतात. तिच्या पुढच्या चाकाला मागेपुढे हलू न देण्याचं काम वेगळ्या दांडीला दिलेलं नाही. गाडी वळणावर कलू नये म्हणून जो आडवा बार असतो, त्याच्याच गळ्यात हेही काम बांधलंय. त्या बारच्या टोकाचे बुश गेले की ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. एका गुरुजींची गाडी अशी कित्येक महिने डावीकडे ओढत होती. ते म्हणायचे, तिला सवयीने शाळेकडे वळायचं असतं.

आता परातीचं प्रकरण. निघालेले नट-बोल्ट ठेवायला काहीतरी पसरट लागतं आणि घरात पसरट काय असतं? कणकेची परात! वस्तीतल्या चार परातींना डिझेलचा वास लागलाय. दात घासायचे ब्रश बॉल जॉइंट घासायला गेले. भांड्यांचा साबण बुशला लावला, कारण साबणाच्या पाण्याने रबर सरकतं म्हणे. नवा बुश लोअर आर्ममध्ये दाबून बसवायला प्रेस लागतो, तो घरी कुठला? मग बाकात, म्हणजे वाइसमध्ये, एका बाजूला पान्याची मोठी गोटी, म्हणजे सॉकेट, दुसऱ्या बाजूला लहान गोटी, मध्ये बुश, आणि दांडा फिरवायला घरातला तरणा पोट्टा. "अजून फिरव बे! अजून!" अशी आरोळी उठते. तिकडे पलीकडची आजी कानावर पदर घेऊन म्हणते, "काय मेले चाळे!"

आणि यांचे दंडक तर विचारूच नका. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. शॉकअप बदलायचे तर जोडीने, डाव्याला नवा आणि उजव्याला जुना असं चालायचं नाही. आणि सगळ्यात कडक दंडक हा की लोअर आर्मचा बुशकडला बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळायचा नाही. आधी गाडीचं वजन चाकांवर घ्यायचं, मग शेवटचा पीळ द्यायचा. हवेत आवळलं तर आतली नळी तिथल्या तिथे जखडते, गाडी खाली उतरवली की रबर पिळलेलं राहतं आणि ते तसंच पिळलेलं जगतं. मग वर्षभरात फाटतं. ही गोष्ट काकाजी अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याचा पाठीचा कणा आपोआप सरळ होतो. खरं सांगू का, गॅरेजात गर्दी असली की एवढी सबुरी कोण ठेवतो? या एका बाबतीत घरच्या कामाला माझं पूर्ण मत आहे.

पण वेड म्हणजे वेड. परवा एका घरी मुलगी पाहायला पाहुणे आले. चहापोहे पुढे यायच्या आत मुलीचे काका बाहेर गेले आणि पाहुण्यांच्या गाडीच्या बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही दोन-तीनदा झुलली. काका आत येऊन म्हणतात, "पोरगा चांगला आहे, पण पुढचे शॉकअप गेले भाऊ तुमचे, दोन्हीकडले." मुलाच्या वडिलांनी अपमान वाटून घ्यावा की नाही? त्यांनी विचारलं, "घरी टाकता येते काय?" आणि दोघं बाहेर गेले. मुलगी, मुलगा आणि पोहे आतच राहिले.

यात तट पडलेत ते वेगळंच. मागच्या शॉकअपवाले स्वतःला कारागीर म्हणवतात. बाकीचे त्यांना हसतात, कारण मागचे शॉकअप म्हणजे मोजके नट-बोल्ट, गंज सुटला की काम झालं. लिंक रॉडवाले मधल्या जातीचे. बॉल जॉइंट काढणारे वरच्या. तो जागचा हलत नाही, स्प्लिट पिन ओढून, नट सैल करून, बाजूच्या लोखंडावर हातोडीचे घाव घालावे लागतात, आणि सुटतो तेव्हा असा आवाज होतो की शेजारचं कुत्रं पळतं. आणि सगळ्यांच्या वर बसलेत ते, जे पुढचा स्ट्रट सोडतात.

स्ट्रटचं नाव निघालं की मात्र माझी थट्टा आटोपते. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1940 च्या दशकात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवायची युक्ती काढली. स्वस्त, सुटसुटीत, म्हणून लहान गाड्यांनी ती उचलली. आठशेतही तीच. त्या खांबातली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा मधला नट स्प्रिंग कम्प्रेसर न लावता खोलला तर ती सुटते आणि समोर हात आहे की तोंड, हे बघत नाही. इथे मोबाइलवरचा व्हिडिओ कामाचा नाही. तो व्हिडिओवाला कोणत्या भाषेत काय सांगून राहिला, हे आमच्या अर्ध्या शूरवीरांना कळतही नाही. ते नुसते हात बघून हात चालवतात. अख्खा खांब गाडीतून काढा, हरकत नाही. पण स्प्रिंग सोडवायला तो खांद्यावर टाकून मिस्त्रीकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

मिस्त्रींना हे वेड खुपत असेल, असं वाटलं होतं. तसं काही नाही. एक जण चहा पिता पिता म्हणाला, "करू द्या हो. रविवारी खोलतात, सोमवारी माह्याकडेच येतात. आधी नुसता आवाज दुरुस्त करत होतो, आता आवाज आणि यांनी केलेली दुरुस्ती, दोन्ही." पण दुसरं एक त्याने आपणहून कबूल केलं. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, 'गाडी वाजते, बघा.' आता म्हणतं, 'डाव्या बाजूचा आतला बुश गेलाय, जुना सुटा भाग मला परत द्या.' तो परत द्यावा लागतो. मिस्त्रीचा चेहरा हे सांगताना फारसा प्रसन्न नव्हता.

काम झालं की परीक्षा. ती कुठे, हे विचारायलाच नको. कन्हानहून रामटेकला रेल्वेचा फाटा आहे, गाडीत बसून सुखाने जाता येतं. पण नाही! मनसरवरून वळून, रामटेकच्या गडावर, चढणीच्या वळणांवर, सगळं कुटुंब मागे कोंबून जायचं. वर पोचेपर्यंत रेडिओ बंद, मुलांनी बोलायचं नाही, खिडक्या उघड्या. कारण आवाज ऐकायचा असतो. म्हणजे आवाज नाही, हे ऐकायचं असतं. गडावर दर्शन रामाचं घेतात आणि नमस्कार पुढच्या डाव्या चाकाला करतात. उतरताना एखाद्या खड्ड्यात 'खट' झालं की घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही.

एवढ्या सगळ्यात जी गोष्ट करायची ती नेमकी विसरतात. बॉल जॉइंट, लोअर आर्म, टाय रॉड, स्ट्रट, यांतलं काहीही हलवलं की चाकांचा कोन बदलतो. डोळ्यांना दिसत नाही, स्टीअरिंगलाही कधी कळत नाही, पण टायरला कळतं. आतली कड काही महिन्यांत गुळगुळीत होते. मजुरीचे वाचवलेले पैसे टायरमध्ये दामदुपटीने जातात. व्हील अलाइनमेंटचं यंत्र अंगणात होत नाही, त्यासाठी दुकानातच जावं लागतं, आणि तिथे जाणं म्हणजे हरणं अशी काहींची समजूत आहे. ती समजूत चुलीत घाला.

तर मंडळी, टीका करायची तेवढी करून झाली. माझं ऐकणार नाही, हे ठाऊक आहे. आमच्याही घरी गॅब्रिएलचे नवे शॉकअप खोक्यासकट दिवाणाखाली ठेवलेत आणि कोणी काही बोललेलं नाही. फक्त एक करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. विटांच्या चळतीवर तर मुळीच नाही, वीट न सांगता फुटते. लोखंडी घोडी लावा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी हाताने हलवून पाहा आणि मगच आत जा. घोडी विकत घ्यायची नसेल तर काकाजींकडे दोन आहेत. मागितल्या की देतात. परत करताना पुसून द्याव्या लागतात.