दोन्ही घे, मग बघू

जूनमध्ये लातुरात भाडेकरू येतो तो विषयासकट. "सर, खोली आहे का? पोरगी बायोची आहे," असं वडील फाटकातूनच सांगतात. मी जन्मभर बँकेत नोकरी केली, कुणाला काही शिकवलेलं नाही. पण उद्योग भवनाच्या मागच्या ट्यूशन एरियापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ज्याच्या वरच्या मजल्यावर दोन-तीन खोल्या आहेत, त्याला आमच्या गावात सर म्हणतात.

इतक्या वर्षांत छताखाली बसून मला एक विद्या आली आहे. वर कोण राहतंय, डॉक्टर होणारं की इंजिनिअर होणारं, हे मी न बघता सांगू शकतो. बायोवालं पोरगं ऐकू येतं. पहाटे पाचला गच्चीवर फेऱ्या मारत प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज सुरू असतं. आमच्या हिला पेशीविभाजनाचे टप्पे आता तोंडपाठ आहेत, हरिपाठ म्हणताना मध्येच एखादा घुसतो. मॅथ्सवालं पोरगं मात्र ऐकूच येत नाही. तासभर वर माणूस आहे की नाही अशी शंका येते, आणि मग एकदम वही आपटल्याचा आवाज. उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर आलं तर आवाज होत नाही.

हल्ली मात्र माझी विद्या फसते, कारण ग्रुपवाली मुलं वाढली. पीसीएमबी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, चारही. पहाटे पुटपुटतात आणि रात्री वही आपटतात. दहावीचा निकाल लागला की घराघरांत बैठक बसते. मामा येतो, आत्याचे यजमान येतात, पोहे होतात, आणि शेवटी ज्येष्ठ मंडळी एकमताने निर्णय देतात, "दोन्ही घे, मग बघू." सोळा वर्षांच्या पोराने ठरवू नये म्हणून पन्नाशीची माणसं हा निर्णय घेतात, आणि तो निर्णय असा असतो की अजून दोन वर्षं कुणीच काही ठरवायचं नाही. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात म्हणतात. लातूरच्या पोराला दोनच दाखवतात, आणि त्या दोन्हींवर एकदम चालायला सांगतात.

याचं मूळ जुनं आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं १९७० साली. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावं ज्याच्याशी जोडली गेली, तो लातूर पॅटर्न त्यानंतरचा. त्यात जादू काही नव्हती. सुट्टीतही तास घ्यायचे, अभ्यासक्रम लवकर संपवायचा, आणि मग परीक्षेवर परीक्षा, परीक्षेवर परीक्षा. पोरांची बोर्डाच्या परीक्षेची भीतीच मेली. पुण्या-मुंबईची नावं असायची त्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाच्या डोक्यात एक यादी कायमची छापली गेली. बोर्डाने पुढे गुणवत्ता यादी बंद केली. बापांनी केली नाही.

गंमत अशी की पोरं डॉक्टरकीला पाठवायची लातूरने, पण सरकारी मेडिकल कॉलेज इथे आलं २००२ साली. नांदेडला ते १९८८ मध्येच झालं होतं, आणि इंजिनिअरिंगसाठी तर गुरुगोविंदसिंगजींच्या नावाची संस्था १९८१ पासून तिथेच आहे. त्यामुळे नांदेडचे पाहुणे आले की या विषयावर जरा ताठ बसतात. त्यात भर सत्तर-तीसच्या कोट्याची. मेडिकलच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, आणि मराठवाड्यात कॉलेजंच कमी. इथलं पोरगं मार्कांनी पुढे आणि जागांनी मागे. २०२० मध्ये तो कोटा गेला, तेही लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षणमंत्री असताना. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटणाऱ्या गृहस्थांचा मुलगा चौथीत होता.

अकरावी-बारावीच्या बायफोकलची कथा तर आणखी न्यारी. दुसरी भाषा आणि एक विषय सोडून दोनशे मार्कांचा व्यवसायाचा विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स, आणि फिशरीसुद्धा. मार्क चांगले पडतात अशी ख्याती असली की पोरं तिकडे धावतात. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात पोरं मत्स्यपालन शिकू शकतात, तेही माणसांचे डॉक्टर होण्यासाठी. माझी याला काही हरकत नाही. मासे बघायला मिळाले तर मलाही आवडेल.

सध्या वरच्या खोलीत चाकूर तालुक्यातली एक आजी नातवासोबत राहते. पोराचे आई-बाप गावाकडे सोयाबीन बघतात आणि आजी इथे भाकरी थापते. मेसचा डबा पोराला सोसला नाही. तिच्या खोलीत एका भिंतीवर आवर्तसारणी, दुसरीवर हृदयाचे चार कप्पे आणि मध्ये खंडोबा. परीक्षेचा हिशोबही ती शिकली आहे. नीटचे प्रश्न १८०, मार्क ७२०, बरोबरला चार, चुकलं की एक कापतात. "येत नाही त्याला हातच लावायचा नाही, असं सांगितलंय त्याला," ती मला बजावते. अर्धा पेपर बायोचा असतो हेही तिला ठाऊक आहे, म्हणून पहाटेच्या पुटपुटण्याला ती चहा देते, रात्रीच्या गणिताला देत नाही.

मी एकदा विचारलं, "आजी, डॉक्टरच का? साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग पुढचं शिक्षण तीन वर्षं. इंजिनिअर चार वर्षांत मोकळा होतो."

"मोकळा होतो अन् जातो की," आजी म्हणाली. "डॉक्टर कुठं जाईल? गावातच बसंल. पाटी लावंल. गुडघा दुखला तर दाखवता येईल."

मी गप्प बसलो, कारण माझ्या ओळखीतल्या तमाम बैठकांमध्ये एवढा खरा मुद्दा कुणी मांडला नव्हता. बाकीचे पगार सांगतात, इज्जत सांगतात. माझे एक साडू दहा वर्षांपूर्वी म्हणत, "डॉक्टरकीत जवानी जाते, आयटीत घाला." आता तेच म्हणतात, "एआय आलंय, इंजिनिअरिंगमध्ये राम नाही." दोन्ही वेळा त्यांचा आवाज तितकाच ठाम. आजीने मात्र पोरगं घरापासून किती लांब जाणार, एवढाच हिशोब केला. जो डॉक्टर होतो तोही हल्ली पुण्यालाच बसतो आणि गावात त्याची पाटी येते ती महिन्यातल्या एका रविवारापुरती, हे मी तिला सांगितलं नाही. वर खंडोबा होता.

शिवाय डॉक्टर दिसतो. लातूरमध्ये कुठल्याही पोराला रागवायचं झालं की डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव निघतं. रेणापूरजवळचं माकेगाव, गरिबी, आईने दिलेलं मूत्रपिंड, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, २००८ ची पद्मश्री. ज्याचे डोळे उघडले असा माणूस जवळच्या गावात सापडतो, त्याला विचारता येतं. संगणकवाल्यांकडे असं नाव आणायचं तर विजय भटकर. पण ते पडले अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि परम ८००० ने काय बरं केलं हे आजीला कसं सांगायचं? १९९१ साली महासंगणक झाला म्हणून चाकुरात कुणाचा गुडघा दुखायचा थांबला नाही.

दिवाळीत माझा पुतण्या हिंजवडीहून आला. ट्रॅव्हल्समधून उतरला तो लॅपटॉप उघडूनच. आमच्याकडे सुट्टी आणि अमेरिकेत सोमवार. रेंज चांगली म्हणून तो गच्चीवर बसला. आजी कुरडया उन्हात घालायला आलेली. बराच वेळ तिने त्याच्याकडे बघितलं. माणूस बसलेला आहे, बोटं हलतात, कुणी येत नाही, कुणी जात नाही.

"काय करलालास रे एवढं?" तिने विचारलं.

पुतण्या तसा गरीब स्वभावाचा आहे. त्याने कान मोकळे केले आणि सोपं करून सांगितलं, "आजी, तिकडच्या दवाखान्यांची बिलं असतात. ती विमा कंपनीकडं बरोबर जावी म्हणून प्रोग्राम लिहितो."

"म्हणजे दवाखान्यातच हायस."

"तसंच म्हणा."

"पगार?"

त्याने लाजत आकडा सांगितला. आजीने कुरडईचं ताट खाली ठेवलं, जिन्यातून खाली वाकली आणि नातवाला हाक मारली.

"ऐकलालास का? बिल लिहिणाऱ्याला एवढा पगार हाय! मग डॉक्टरला किती असंल? ते गणित ठेव बाजूला."