वंगणशास्त्री

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन डिएगो नगराच्या उत्तरेस पसरलेल्या उपनगरांत, जेथे प्रत्येक घराला दोन मोटारी मावतील एवढे गॅरेज असते आणि त्या गॅरेजात मोटारींखेरीज इतर सर्व वस्तूंचा कायम मुक्काम असतो, तेथे शनिवारी सकाळी फिरावयास निघालेल्या मनुष्यास एका विशिष्ट जातीचा गृहस्थ हटकून दृष्टीस पडतो. गॅरेजचे दार अर्धे उघडे असते. आत एका बुटक्या स्टुलावर, पायांत रबरी सपाता आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा अशा थाटात तो आसनस्थ झालेला असतो. उजव्या हातात घरातील कोणाचा तरी अकाली सेवानिवृत्त झालेला दात घासण्याचा ब्रश असतो, आणि पुढ्यात, टेबलाच्या कडेला बसविलेल्या लोखंडी पकडीत, दोन पायडले, दोन लांबट पंख आणि त्यांच्यामध्ये चेन व तारांचा गुंतावळा असे एक यंत्र आवळून धरलेले असते. हे यंत्र कायाक नामक चिंचोळ्या नावेचे आहे, ही माहिती चौकशी केल्यावर मिळते. ती नाव मागल्या भिंतीला उलटी टांगलेली असते आणि तिच्या पाठीवर बोटाने आपले नाव लिहिता येईल इतकी धूळ साचलेली असते. यंत्रावर मात्र धुळीचा कण सापडेल तर शपथ.

या गृहस्थास आम्ही वंगणशास्त्री म्हणतो. ही जात सर्व राष्ट्रांत आणि सर्व वर्णांत आढळते हे खरे. तथापि तिचा जो मराठी उपप्रकार तिकडे जाऊन स्थायिक झालेला आहे, तो आमच्या मते सर्वांत परिपक्व होय, आणि त्याची कारणे आनुवंशिक आहेत. ज्याचे बालपण सायकलींच्या पुण्यात गेले, ज्याने रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात सायकल उलटी उभी करून, चेन रॉकेलच्या डब्यात बुडवून, एकेक आरा चिंधीने पुसणाऱ्या वडिलांच्या शेजारी पाना हातात धरून तासन् तास उभे राहण्याची उमेदवारी केली, ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ हा संस्कार मुंजीच्या आधी घडला, त्याने पुढे यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली, परदेशी जाऊन तीन दशके नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हाती रिकामा वेळ व पायडल असलेले यंत्र ही दोन्ही एकदमच आली, म्हणजे त्याचे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

यंत्राचा इतिहास शास्त्रीबुवांना मुखोद्गत असतो आणि तो ऐकल्यावाचून पाहुण्याची सुटका नसते. सॅन डिएगोच्या उत्तरेस ओशनसाइड नावाचे गाव आहे. तेथील होबी कंपनीने १९९७ साली मिराज ड्राइव्ह या नावाने ही युक्ती बाजारात आणली. तिचा जनक ग्रेग केटरमन. यातील पायडले सायकलीप्रमाणे गरगर फिरत नाहीत, ती आळीपाळीने पुढे ढकलावयाची असतात. त्या ढकलण्याने चेन आणि तारा ओढल्या जाऊन नावेच्या तळाखाली दोन लवचीक पंख एकमेकांना ओलांडीत डावीउजवीकडे ये-जा करतात, आणि प्रत्येक फेरीत किंचित पिळले जाऊन पाणी मागे लोटतात. पेंग्विन पक्षी पाण्याखाली याच तत्त्वाने पोहतो, फक्त त्याला ग्रीस लागत नाही. कंपनीचा मूळ पुरुष होबी ऑल्टर हा लाटांवर खेळण्याच्या फळ्या घडविणारा कारागीर. कडक तळव्यांचे बूट घालावे न लागता आणि समुद्रालगतच्या हमरस्त्याच्या पूर्वेस पोटासाठी जावे न लागता आयुष्य काढावे, एवढीच आपली महत्त्वाकांक्षा असल्याचे तो सांगे, अशी आख्यायिका आहे. अशा बेफिकीर पुरुषाच्या नावाने निघालेल्या यंत्राला असा चिंतातुर भक्तगण लाभावा, हा दैवाचा विनोद शास्त्रीबुवांच्या ध्यानात अद्याप आलेला नाही, आणि तो त्यांच्या ध्यानात आणून देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

शास्त्रीबुवांच्या विश्वात आरोपी एकच आहे आणि तो म्हणजे मीठ. समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ही गोष्ट इतरांस भूगोलाच्या पुस्तकातील तपशील वाटते. शास्त्रीबुवांना ती दरोड्याची वर्दी वाटते. पाणी वाळून जाते, परंतु क्षार चेनच्या कड्यांत दडी मारून बसतो, हवेतील दमटपणा ओढून घेतो, आणि जेथे न गंजणारे पोलाद ॲल्युमिनियमला टेकलेले असेल तेथे त्या दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युत्प्रवाह खेळवून बिचाऱ्या ॲल्युमिनियमचा फडशा पाडतो. ‘पोलाद सुटते आणि ॲल्युमिनियम जामीन राहते,’ असे ते या प्रकाराचे वर्णन करतात. सबब नाव किनाऱ्याला लागताच यंत्र उपसून काढावयाचे, ओल्या टॉवेलात गुंडाळून, म्हणजे वाटेत मीठ वाळून धरू नये अशा बेताने, घरी आणावयाचे, आणि अंगणात गोड्या पाण्याची धार धरावयाची. हे गोडे पाणी तरी कोठले? त्या नगरीच्या पाण्याचा मोठा हिस्सा कोलोरॅडो नदीतून, वाळवंट ओलांडून, शेकडो मैलांच्या कालव्यांनी आणलेला असतो. इतक्या दूरवरून इतक्या सायासाने आणलेल्या तीर्थाचा अभिषेक एका चेनवर व्हावा, हे योग्य की अयोग्य याचा निर्णय आम्ही पाणीखात्यावर सोपवितो. अवर्षणाच्या साली नळीला आपोआप बंद होणारी तोटी असलीच पाहिजे असा जो हुकूम निघतो, त्याची तामिली शास्त्रीबुवा अक्षरशः करतात. तोटीलाही ग्रीस लावलेले असते.

आता वंगणाचा विषय. येथे मात्र वाचकाने सावधपणे पाऊल टाकावे, कारण या विषयावरून शास्त्रीबुवांनी जुने स्नेह तोडलेले आहेत. पाहुण्याने, निव्वळ सौजन्यापोटी, ‘थोडे डब्ल्यूडी-४० मारले की काम भागते ना?’ असे विचारण्याचा अवकाश, की ब्रश खाली ठेवला जातो. चष्मा पुसला जातो. मग शांत, खर्जातील स्वरात कैफियत सुरू होते: तो पदार्थ याच सॅन डिएगो नगरात १९५३ साली रॉकेट केमिकल कंपनी या लहानशा कारखान्यात निर्माण झाला, चाळिसाव्या खेपेस साधला म्हणून नावात चाळिसाचा आकडा आला, तो ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावरील ओल हटविण्याकरिता होता, त्याच्या नावातच पाणी हटविण्याचा करार आहे, वंगणाचा नाही, आणि पाणी हटवून तो स्वतःही निघून जातो. ‘गावचा पदार्थ म्हणून अभिमान जरूर आहे,’ शास्त्रीबुवा समारोप करतात, ‘पण गावच्या माणसाला जावई करायलाच हवे असे नाही.’

साधे तेलही निषिद्ध. तेल लावलेल्या चेनवर वाळू चिकटते, आणि वाळू व तेल यांची लुगदी झाली की ती प्रत्येक पायडलासरशी चेनच्या पिना घासून काढते. म्हणजे मालकाने स्वहस्ते कानस लावल्यासारखेच. म्हणून चेनला मेणासारखे सुके बसणारे वंगण, तेही यंत्र पुरते वाळल्यावर, थेंबाथेंबाने. पंखांच्या आतील दांड्यांना मात्र समुद्रावर चालणारे दाट ग्रीस, बोटाने, पातळ हात फिरवून. ‘ग्रीस दिसले तर जास्त झाले,’ हे त्यांचे सूत्र. शिवणयंत्राची बारीक चोचीची बुधली या कामास सर्वोत्तम, असा शोध त्यांना फार पूर्वी लागला, आणि त्या दिवसापासून बाईसाहेबांच्या शिवणयंत्राला तेल मिळालेले नाही.

या सर्व विधींत पाहण्यासारखा विधी तारांच्या परीक्षेचा. तारेचा दोर बारीक सुतांचा वळलेला असतो, आणि त्यांतील एखादे सूत तुटले तर ते डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रीबुवा कापसाचा लहानसा बोळा घेतात, तो अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत तारेभोवती धरतात, श्वास रोधतात आणि अतिशय मंद गतीने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळा ओढीत नेतात. कापूस सरळ निघून आला तर तार निर्दोष. एखादा तंतू अडकून मागे राहिला, तर तेथे सूत तुटलेले आहे. मग भिंग, मग दिवा, मग त्या जागी लाल दोऱ्याची खूण. आम्ही हा विधी जवळून पाहिला आहे, आणि तंतू अडकला त्या क्षणी शास्त्रीबुवांच्या मुद्रेवर जे भाव उमटले त्यांना दुःख म्हणणे असत्य होईल. नंतर तारांचा ताण. तार सैल राहिली तर पायडल मारताना खडखडते, फाजील आवळली तर घर्षण वाढून पाय भरून येतात. या दोहोंच्या मधील जी जागा आहे ती नटाच्या अर्ध्या वेढ्यात असते, आणि त्या अर्ध्या वेढ्याच्या शोधात कित्येक रविवार खर्ची पडलेले आहेत.

प्रत्येक कृतीची नोंद दप्तरी होते. वहीत रकाने आखलेले आहेत: तारीख, बाब, परिमाण आणि शेरा. शेरे वाचनीय असतात. ‘डावी चेन: समाधानकारक, तथापि दक्षता आवश्यक.’ ‘उजवा पंख: किंचित ढिला, समज दिली.’ एके ठिकाणी ‘स्नानगृहातील टब वापरण्यास घरातून हरकत, अर्ज फेटाळला गेला, अंगणात तजवीज केली’ अशीही नोंद आमच्या वाचनात आली. बाईसाहेबांनी या संसारात पुष्कळ सोसले आहे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले दिसले की त्या आता विचारीत नाहीत. ‘अहो, पान वाढू का नट उचलताय आधी?’ एवढेच म्हणतात.

या पंथाला एक प्रतिपंथही आहे. काही कायाकांना पंखांऐवजी मोटारबोटीसारखा पंखा असतो आणि त्याच्या दातेरी चाकांची पेटी तेलात बुडालेली असते. मासेमारीचा दोरा पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जाऊन आतील रबरी बंद कापला, की पेटीत पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. शास्त्रीबुवा त्या पंथाचे नव्हेत. पण कोणाचे तेल दुधाळ झाल्याची वार्ता कानी आली तर समाचारास अवश्य जातात.

एवढी निगा राखलेली नाव पाण्यात जाते तरी केव्हा? क्वचित, आणि नाइलाजाने. मिशन बे नावाच्या शांत खाडीत ती उतरविली जाते, शास्त्रीबुवा पायडले मारू लागतात, किनाऱ्यावरची मुले हात हालवितात, पलीकडे पाणपक्षी बुड्या मारीत असतात. यांपैकी काहीही शास्त्रीबुवांस दिसत नाही, कारण ते मान वाकवून ऐकत असतात. थोड्याच वेळात त्यांना ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. जलविहार तेथेच संपतो. एकदा तो आवाज पाण्याची बाटली घरंगळल्याचा निघाला, तेव्हा झालेली निराशा त्यांना दोन दिवस पुरली. किनाऱ्याला लागताना एक पायडल पूर्ण पुढे लोटून दोन्ही पंख तळाशी सपाट चिकटवावे लागतात, नाहीतर ते वाळूत रुतून आतील दांड्या वाकतात. हा नियम ते अनोळखी लोकांनाही काठावरून ओरडून सांगतात, आणि अनोळखी लोक मदत हवी असेल असे समजून परत फिरतात.

शास्त्रीबुवांच्या पलीकडच्या घरात त्यांचे दैनंदिन दुःख राहते. या शेजाऱ्याकडे त्याच कंपनीची, त्याच वर्षीची नाव आहे. तो दर शनिवारी पहाटे ला होयाच्या किनाऱ्यावरून, फुटत्या लाटांतून, ती समुद्रात घालतो, दुपारी मासे घेऊन परततो, यंत्रावर नळीचे पाणी जेमतेम एकदा फिरवितो, हिरवळीवर भिरकावतो आणि झोपी जातो. वंगण तो लावीत नाही. त्याचे यंत्र उत्तम चालते. या एका वस्तुस्थितीने शास्त्रीबुवांच्या श्रद्धेला जेवढे हादरे दिले तेवढे कोणत्याही नास्तिकाने दिले नसतील. परंतु ‘एक दिवस कुरकुरेल’ या भविष्यवाणीवर तग धरून त्यांनी अनेक उन्हाळे काढले.

अखेरीस परवाच्या वसंतात ते कुरकुरले. शेजारी यंत्र काखोटीला मारून आला आणि शनिवारच्या आत होईल का, असे विचारता झाला. शास्त्रीबुवांनी यंत्र दोन्ही हातांनी घेतले, चेनमधून वाळू झटकून ती कागदावर पुरावा म्हणून ठेवली, बोळा फिरवून तीन ठिकाणी तंतू अडकल्याचे दाखविले, आणि इतक्या जुन्या प्रकरणाचा निकाल पंधरवड्याच्या आत लागणे अशक्य असल्याचे जाहीर केले. शेजाऱ्याचा चेहरा पडला, कारण यलोटेल माशांचे थवे किनाऱ्याजवळ आलेले होते. तेव्हा शास्त्रीबुवांनी, हातची शिकार निसटू नये म्हणून, आजवर सख्ख्या मेव्हण्याला जी दिली नव्हती ती आपली नाव, यंत्रासह, त्याच्या हवाली केली. अटी सांगितल्या, त्या त्याने मान हालवून मान्य केल्या, आणि इकडे शास्त्रीबुवा गॅरेजचे दार ओढून घेऊन कुरकुरणाऱ्या यंत्रापुढे बसले ते शनिवारी दुपारी नाव परत आल्यावरच उठले. शेजाऱ्याने हातभर लांबीचा यलोटेल पुढे केला. त्याच्याकडे न पाहता शास्त्रीबुवांनी चेनवरून करंगळी फिरविली, ती जिभेला लावली, आणि वही उघडली. त्या दिवसाची नोंद आम्ही मूळ दप्तरातून पाहिली आहे: ‘बाब: चेन, स्वतःची. परिमाण: मीठ, मुबलक. शेरा: अर्जदाराने मासा सादर केला, मासा दाखल करून घेतला. मिठाबद्दल लेखी खुलासा मागविला आहे.’