चावी फिरवू नका

डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग वादळाच्या पावसाने चेन्नई बुडवली. शहराच्या उत्तर टोकाच्या एन्नोरमध्ये तर पाण्याबरोबर तेलही आलं. चेन्नईतल्याच मनालीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडून वाहत आलेलं हे तेल खाडीत पसरलं, कोळ्यांच्या होड्यांना चिकटलं, घरांत शिरलं. पाणी ओसरलं की बुडालेल्या गाडीचा मालक काय करतो, हे चेन्नईत वेगळं आणि चिपळुणात वेगळं नसतं. तो दार उघडतो, ओल्या सीटवर बसतो आणि ‘बघू तरी चालू होते का’ म्हणत चावी फिरवतो.

घरच्या घरी केलेली सगळ्यात महागडी दुरुस्ती ती हीच. सिलिंडरमध्ये हवा असेल तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही. पाण्याने भरलेल्या सिलिंडरमध्ये स्टार्टरने पिस्टन वर रेटला की जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. ऑइल बदलून, फिल्टर बदलून, पाणी काढून जे इंजिन वाचलं असतं, ते आता पूर्ण उघडावं लागतं. विमा कंपनीही इथेच हात वर करते. इंजिनसाठीचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल, तर ‘पाण्यात गाडी सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान’ म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. कोल्हापूर-सांगलीने २०१९मध्ये, चिपळूणने जुलै २०२१मध्ये आणि नागपूरने सप्टेंबर २०२३मध्ये पूर पाहिला. तरीही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गाडी ओढून गॅरेजला न्यायची आणि तोवर चावीला हात लावायचा नाही, एवढं सांगणारा फलक कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसत नाही.

मग सगळंच मेकॅनिकवर सोडायचं का? मुळीच नाही. बॉनेट कसं उघडतं हेही ठाऊक नसलेला मालक मला पुराइतकाच घातक वाटतो.

याच एन्नोरमध्ये १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने ऑस्टिन गाड्या जोडायला घेतल्या. १९५५मध्ये ती अशोक लेलँड झाली आणि ट्रकसाठी नावारूपाला आली. त्या काळी गाडी बाळगणाऱ्या माणसाला प्लग साफ करणं, पंक्चर काढणं, हॅन्डल मारून इंजिन सुरू करणं यावंच लागे, कारण पुढचं गॅरेज किती मैलांवर आहे याचा भरवसा नसे. आज एन्नोरच्याच कामराजर बंदरातून नव्याकोऱ्या गाड्या जहाजांत चढतात. त्या विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण डिपस्टिक ओढून पाहत असतील?

एन्नोरची हवा या बाबतीत चांगली शिक्षिका आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला औष्णिक वीज केंद्रांची राख. राखेने एअर फिल्टर लवकर भरतो. अनेक गाड्यांत त्याच्या डब्याला नुसत्या क्लिपा असतात, पानासुद्धा लागत नाही. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर नवा घाला. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढतो, सकाळी गाडी ‘कट-कट’ करून थांबते आणि लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, कोरडं पुसा, वरून थोडं व्हॅसलीन लावा आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी जोडा. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे जमायला हवं.

पण ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना घरी हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलला तर अजिबात नाही, तिच्यात माणूस मारणारा विजेचा दाब असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. व्हिडिओत बोल्ट आवळताना दिसतो, तो किती आवळला हे हाताला कळत नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि त्यानंतर पोरं उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घालवतात. त्या हातांना पैसे द्यायला कुरकुरणारे आणि दुकानात हजारांच्या सीट कव्हरला घासाघीस न करणारे लोक मी रोज पाहतो. हा हिशेब लाजिरवाणा आहे.

खरा राग मात्र यायला हवा तो कंपन्यांचा. मालकाने करावं की मेकॅनिकने, या वादात आपण अडकलो आणि कंपन्यांनी दोघांच्याही तोंडावर दार लावलं. पुण्याच्या नाना पेठेतून पार्ट आणून बसवणारा कोपऱ्यावरचा मिस्त्री आज बिघाड ओळखतो, पण नवी चावी गाडीला ओळखवायला किंवा एबीएसचं युनिट बदलायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते त्याला मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना द्या, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२मध्येच दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मतपेटीतून मिळवला होता. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ नावाचं सरकारी पोर्टल आलं, वाहनंही त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती द्यायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेला अधिकार हा अधिकारच नाही.

गाडीची माहिती असलेला मालक मेकॅनिकचं पोट मारत नाही. तो ‘एसी चालू केला की खडखड येते, बंद केला की थांबते’ असं नेमकं सांगतो, मिस्त्रीचा अर्धा तास वाचवतो आणि अशा मालकाला फसवणंही अवघड असतं. प्रामाणिक कारागिराला असंच गिऱ्हाईक हवं असतं.

तेव्हा येत्या रविवारी गाडी सपाट जागी लावा, इंजिन थंड होऊ द्या, डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला आणि ऑइल कुठवर आहे ते बघा. गॅरेजमध्ये गेलात तर लेखी इस्टिमेट घ्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. कुठलंही गॅरेज तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा.