चार काठ्यांचा संसार

नवऱ्याने दहा पावलं पुढे चालायचं आणि बायकोने मागून पिशवी सांभाळत यायचं, ही आमची चालण्याची पद्धत लग्नापासूनची. ती कोणी ठरवलेली नव्हती. लक्ष्मी रोडच्या गर्दीत ती सोयीची पडते. मागच्या माणसाला दुकानांच्या काचा बघता येतात आणि पुढच्याला आपण कुठेतरी पोचायला निघालोय असं वाटत राहतं. ही घडी विस्कटली ती ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइन नावाच्या गावात, आणि विस्कटली ती काठ्यांनी.

हे गाव साल्झबुर्ग प्रांतात, होहे टाउअर्न पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटरवर आहे. 'वसलं आहे' असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण वसायला सपाट जागा लागते. बाड गास्टाइन डोंगराला लटकलंय. एका हॉटेलाचं तळघर दुसऱ्याच्या गच्चीशी गप्पा मारतं. गावाच्या ऐन मध्यातून ३४१ मीटरचा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो, आणि पुलावर उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. (या पुलावर मी बऱ्याचदा उभा राहिलो.) रेल्वे स्टेशन वर, जुना चौक खाली, आणि मधलं अंतर कापायची सोपी वाट म्हणजे पार्किंगच्या इमारतीतली लिफ्ट. अशा गावात जगभरातून लोक मुद्दाम चालायला येतात.

मूळ आकर्षण अर्थात पाण्याचं. डोंगराच्या पोटातून इथे रोज सुमारे ५० लाख लिटर गरम पाणी बाहेर येतं, ४४ ते ४७ अंशांचं. त्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो. दुसऱ्या एखाद्या गावाने ही गोष्ट जिवाच्या आकांताने दडवली असती, इथे ती माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असते. शेजारच्या बॉकश्टाइनमध्ये तर सोन्याच्या शोधात खणलेला एक बोगदा आहे. सोन्याने दगा दिला, पण आत राबणाऱ्या कामगारांची सांधेदुखी कमी झाली म्हणे, आणि बोगद्याचा दवाखाना झाला. छोट्या आगगाडीतून रुग्णांना डोंगराच्या आत नेतात. तिथे ३७ ते ४१ अंश उष्मा आणि अंगाला चिकटणारा दमटपणा. त्यात बाकावर निपचित पडून राहायचं. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या गुडघ्यांसाठी जाऊन ये ना." बायकोने दरपत्रक वाचलं, घडी करून परत दिलं, आणि म्हणाली, "जूनच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या तीन नंबरवर हेच फुकट मिळतं. उभ्याने."

तेव्हा आमच्या वाट्याला चालणं आलं. मुलगी म्युनिकला नोकरी करते. तिने आम्हांला इथे हवापालटाला आणलं, शनिवार-रविवार राहिली आणि सोमवारी लॅपटॉपकडे परत गेली. जाताना आमची नावं नॉर्डिक वॉकिंगच्या वर्गात घालून गेली. मी म्हटलं, "अगं, मला चालता येतं. वर्षाचा व्हायच्या आत येत होतं, आजीला विचार हवं तर." आजी नाशिकला असल्यामुळे आणि तिला ऐकू कमी येत असल्यामुळे हा मुद्दा तिथेच राहिला.

या चालण्याचा उगम फिनलंडचा. तिथले बर्फावर स्की घालून लांब अंतरं तोडणारे खेळाडू बर्फ वितळला की बेचैन होत, म्हणून उन्हाळ्यात नुसत्या काठ्या घेऊन सराव करत. १९९७ साली एक्सेल नावाच्या फिनिश कंपनीने खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या बाजारात आणल्या आणि खेळाडूंचं दुखणं साऱ्या युरोपच्या मध्यमवयाला लागलं. आता आल्प्समधल्या या स्नानगावांत नॉर्डिकच्या वाटा आखलेल्या असतात, त्यांना पाट्या असतात, आणि पाट्यांखाली काठी कशी धरावी याची चित्रं असतात.

आमच्या मास्तरीणबाई सत्तरीच्या असाव्यात. पोटऱ्या तिशीच्या. पहिलं काम त्यांनी काठ्या मोजून देण्याचं केलं. सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.६६. माझी उंची १६५, उत्तर १०९, म्हणून काठी ११० ची. आमच्याकडे काठीची लांबी समोरच्या कुत्र्यावर ठरते, त्यामुळे मी प्रभावित झालो. काठीच्या मुठीला अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो, त्यात पंजा अडकवायचा. टोक लोखंडी, मातीत रुतायला. डांबरी रस्त्यावर त्या टोकाला रबरी बूट घालायचा, नाहीतर सगळं गाव टकटकाटाने जागं होतं.

मग त्यांनी सांगितलं की काठी पुढे टेकायची नाही. इथे गटात कुजबुज झाली. काठी पुढे टेकायची नाही तर कुठे टेकायची? आमच्या आजोबांपासून सगळे पुढेच टेकत आले. तर म्हणे, ती तिरकी धरायची, टोक मागच्या बाजूला, आणि जमीन मागे ढकलायची. हात कमरेच्या मागे गेला की मूठ सोडून द्यायची, काठी पट्ट्याच्या भरवशावर लोंबते, पुढे येताना पुन्हा मूठ धरायची. उजवा पाय तर डावा हात, डावा पाय तर उजवा हात. हे सगळं आपण बिनकाठीचं चालताना जन्मभर करत असतो. फक्त त्याचा विचार केला की जमायचं बंद होतं. गटातले एक दणकट डच गृहस्थ उजव्या पायाबरोबर उजवा हात उचलू लागले आणि उंटासारखे डुलत थेट कुंपणाकडे गेले. मास्तरीणबाईंचा यावरचा उपाय मला फार आवडला. हात सैल सोडा, काठ्या नुसत्या मागे फरफटत न्या आणि त्या आहेत हेच विसरा. थोड्या वेळाने अंग आपोआप ताल धरतं. डच गृहस्थांनी धरला. मी फरफटवण्यातच रमलो.

बायकोने मात्र पहिल्या फेरीतच पकडलं. शाळेत ती लेझीम पथकात पहिल्या रांगेत होती, हे मला पूर्वी नुसतं ऐकून माहीत होतं. मास्तरीणबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "सर्वांनी या बाईंच्या मागे चाला!" आणि देशोदेशीचे चौदा-पंधरा लोक साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या कोथरूडच्या एका बाईच्या मागे टक-टक करत निघाले. मीही निघालो. तिची पाठ एवढा वेळ सलग मी पहिल्यांदाच पाहिली.

सरावासाठी आम्हांला सम्राटांच्या वाटा दिल्या. एकोणिसाव्या शतकात इथे येणारी माणसं मुकुटधारी असत, आणि मुकुटधारी माणसाला धाप लागलेली बरी दिसत नाही. त्यामुळे ज्या गावात चहाचा कप ठेवायला सपाट जागा नाही, तिथे डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ सपाट असे फेरफटक्याचे रस्ते आहेत. एक प्रशियाचा राजा आणि पुढे जर्मन सम्राट झालेल्या पहिल्या विल्हेल्मच्या नावाचा. तो कोट्शाखच्या हिरव्या खोऱ्याकडे जातो. विल्हेल्म वर्षानुवर्षं गास्टाइनला येत असे आणि कामही सोबत आणत असे. १४ ऑगस्ट १८६५ रोजी इथेच बिस्मार्कने ऑस्ट्रियाशी करार केला. श्लेस्विगचा कारभार प्रशियाकडे, होल्श्टाइनचा ऑस्ट्रियाकडे. पुढच्याच वर्षी दोघांचं युद्ध झालं. हवापालटाला आलेल्या लोकांच्या हाती नकाशा देऊ नये.

दुसरा रस्ता सम्राज्ञी एलिझाबेथचा, म्हणजे लाडक्या सिसीचा. तो नदीच्या काठाने बॉकश्टाइनला जातो. सिसी बाई चालायला भयंकर होत्या. तासन्‌तास, झपाझप, आणि मागून येणाऱ्या दरबारी मैत्रिणींची पार वाट लागे. त्या बिचाऱ्यांच्या पोटऱ्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, मी एलिझाबेथच्या वाटेवर त्यांची खूप आठवण काढली. एवढ्या चालणाऱ्या बाईच्या नावाने इतका सोपा रस्ता असावा हा तिच्यावर अन्यायच आहे, पण मी त्याविरुद्ध अर्ज करणार नाही.

या वाटेवर बाक फार आहेत, आणि बाकावर आम्ही भारताचा एक तुकडा शोधून काढला. म्हणजे बायकोने काढला, ती आदल्या रात्री वाचून आली होती. सुभाषचंद्र बोस प्रकृतीसाठी इथे येऊन राहत असत. पित्ताशयाचं दुखणं होतं. डिसेंबर १९३७ मध्ये याच गावात बसून त्यांनी 'अॅन इंडियन पिलग्रिम' हे आत्मचरित्र लिहिलं. ते अपुरंच राहिलं, पण जेवढं झालं तेवढं इथे, काही दिवसांत, एकटाकी. एमिली शेंकल तेव्हा सोबत होत्या, आणि त्याच महिन्यात, २६ तारखेला, दोघांनी इथेच गुपचूप लग्न केलं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. फेब्रुवारीत सुभाषबाबू हरिपुऱ्याला काँग्रेसच्या अध्यक्षपदी होते.

मी भारावलो. समोर नदी, वर देवदार, आणि याच थंड हवेत... वाक्य पुरं व्हायच्या आत बायको म्हणाली, "बघा. डिसेंबरची थंडी, पित्ताचा त्रास, तरी माणसाने पुस्तक लिहिलं, लग्न केलं आणि काँग्रेसचं अध्यक्षपद गाठलं. तुम्ही आल्यापासून वहिनींना एक पोस्टकार्ड लिहिलं नाहीत." १८२५ च्या उन्हाळ्यात शूबर्टही इथे येऊन पियानोचा एक आख्खा सोनाटा लिहून गेला, ही माहिती मी तिच्यापासून लपवून ठेवली.

काठ्या हातात बसल्यावर आम्ही मोठ्या वाटेला हात घातला. गास्टाइनर होएनवेग, म्हणजे खोऱ्याच्या उतारावरून बाड हॉफगास्टाइन या खालच्या गावापर्यंत जाणारी वाट. ऑस्ट्रियात वाटेच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. अमुक गाव, सव्वादोन तास. मला आधी हा आगाऊपणा वाटला. माझा वेळ पाटीला काय ठाऊक? पण त्यामागे रीतसर गणित आहे. तासाला ४ किलोमीटर सपाट, ३०० मीटर चढ किंवा ५०० मीटर उतार. आडव्याचा वेळ वेगळा काढायचा, उभ्याचा वेगळा, आणि मोठ्या आकड्यात लहानाचा निम्मा मिळवायचा. शालेय गणितात हे शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो, निदान कारणासाठी तरी झालो असतो. मात्र या सूत्रात फोटोंना जागा नाही, गाईंकडे बघण्याला नाही, थर्मासमधल्या चहाला नाही, आणि "अहो, गॅस बंद केला होता ना आपण?" या प्रश्नाला तर नाहीच नाही. हा प्रश्न तिला पुण्याहून निघून इतके दिवस झाल्यावर जंगलाच्या मध्यभागी पडला.

वाटेत भेटेल त्याला 'ग्र्युस गॉट' म्हणायचं असतं. गावात लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून कोणी बघतही नाही, पण वाटेवर एकमेकांना देवाचं नाव घेऊन अभिवादन. होएनवेगवर रविवारी सगळं खोरं उतरतं. त्यामुळे मला धाप चढाने नाही, नमस्कारांनी लागली. ऐंशीच्या घरातलं एक जोडपं मागून आलं, 'ग्र्युस गॉट' म्हणालं आणि पुढे गेलं. मग एक बाई गेली, बाळाची गाडी ढकलत. मग एक कुत्रा. त्याला मी काही म्हटलं नाही.

बायको तोवर दिसेनाशी झाली होती. वाट गडाउनच्या घळीपाशी कड्याला खेटून जाते, तिथे मी कठडा धरून खाली बघितलं, काठ्या बगलेत मारल्या आणि माझ्या जुन्या पद्धतीने, काही न ढकलता, चालू लागलो. खरं सांगायचं तर वाट सुरेख आहे. एका बाजूला ऐन हिरवी कुरणं, खाली खेळण्यासारखी आगगाडी, समोर डोंगरावर जुलैतही बर्फाचे पांढरे ठिपके. हे सगळं सव्वादोन तासांत बघून संपवणारे लोक मला अडाणी वाटतात. मला सव्वातीन लागले.

हॉफगास्टाइनच्या तोंडाशी एक कॅफे आहे. रविवार दुपार, बाहेरची सगळी टेबलं भरलेली, लोक ताटकळत उभे. लांबूनच मला स्वेटर दिसला. तिच्यासमोर अॅपल श्ट्रुडेलची अर्धी बशी होती आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, एसटीत रुमाल टाकतात तशा, तिच्या दोन काठ्या आडव्या टाकलेल्या होत्या. खुर्चीपाशी तेच ऐंशीचं जोडपं अदबीने उभं होतं आणि ही बसायला मिळेल का, असं खुणेने विचारत होतं.

"नो, नो," बायको त्यांना समजावत होती, "माय हजबंड इज कमिंग. व्हेरी गुड मॅन. व्हेरी स्लो."